एकनाथ सबनिसांची लॅबमधली वही

एकनाथराव सबनीस वहीशिवाय चहासुद्धा घेत नाहीत, असं त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणायच्या. पुण्याच्या कारखान्यात लागलेली सवय त्यांनी अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या धातू तपासणाऱ्या लॅबमध्येही सोडली नाही. चाचणी झाली की रिपोर्ट कॉम्प्युटरवर इंग्रजीत, आणि डोळ्यांनी पाहिलं ते खिशातल्या वहीत मराठीत. सहकारी हसायचे. हसेनात का बापडे!

२००१ साली एका पिस्तूल कंपनीनं लॅबकडे पोलादी पट्ट्या पाठवल्या. त्यांवर नंबर खोल ठोकलेला होता. गुन्हेगार कानशीनं घासून पिस्तुलाचा नंबर घालवतात. हा जातो का, ते पाहायचं होतं. एकनाथरावांनी चाळीस पट्ट्या घासल्या. एकीवरचाही नंबर गेला नाही. रिपोर्ट कंपनीला पोचला आणि कंपनी मूग गिळून बसली.

दोन वर्षांनी जवळच्या मोठ्या शहरानं त्या कंपनीवर दावा लावला. नंबर घासलेल्या पिस्तुलांनी रस्त्यांवर तरणीताठी पोरं मरत होती, आणि ती पिस्तुलं कुठून आली याचा माग लागत नव्हता. कंपनी म्हणाली, न जाणारा नंबर बनवताच येत नाही. लॅबचा रिपोर्ट? तो म्हणे सापडतच नव्हता.

साक्षीचं बोलावणं आलं, तसं लॅबच्या साहेबानं एकनाथरावांच्या, लॅबनंच भरलेल्या ग्रीन कार्डच्या फाइलवर बोट ठेवलं. "तुला काही आठवत नाही, हो ना?" नोकरी गेली की ती फाइलही जाणार होती.

"अहो, आपल्या नैनाची स्कूल, घराचं लीज... थोडा विचार करा ना," मालिनीबाई घरी म्हणाल्या. मग जरा वेळानं, "वही कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्याला भोक आहे."

साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी वही उलटसुलट करून पाहिली, एक अक्षर लागेना. एकनाथरावांनी खणखणीत मराठीत एकेक नोंद वाचली, आणि दुभाष्यानं तिचं इंग्रजी केलं. पट्ट्या चाळीस, नोंदी चाळीस. घाम वकिलांना फुटला.

नोकरी गेलीच. २००५ साली वॉशिंग्टनच्या सरकारनं बंदूक कंपन्यांना अशा दाव्यांपासून वाचवणारा कायदा केला आणि दावाही बारगळला. सबनीस कुटुंब नव्या नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, चँडलरला आलं, ग्रीन कार्डची रांग पहिल्यापासून.

लेक नैना अमेरिकेत जन्मलेली, बोलणं सगळं इंग्रजीत. आईनं वर्षभर डोकं फोडलं तरी बाराखडीला शिवली नव्हती. एका रविवारी तिनं स्वतःच ती वही काढली. "डोंट हेल्प मी, बाबा," म्हणत बोट ठेवून वाचू लागली, "पट्टी... चाळिसावी. नंबर... दि...सतो."

 एकनाथरावांनी पेन काढलं, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, "नैनानं वाचलं."