मारवेल आणि धर्मामामांची गाय

गवताचे भारे बांधायला आम्ही बायका बसलो की किश्श्यांचाही भारा होतोच. एक सांगून संपत नाही तोवर दुसरी म्हणते, "आणि ते विसरलीस काय?"

कोळगावच्या पुढे आमच्या गावाचं गुरचरण आहे. तिथल्या उघड्या माळावर आमच्या बचत गटानं कुंपण घालून मारवेल लावला. हे गवत एकदा रुजलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं. ग्रामसभेची अट एकच: गुरांनी खाल्लं तर कुंपण राहील, नाहीतर माळ पुन्हा मोकळा.

*

लावणीला धर्मामामा बांधावर उभे. गावात सर्वांत जास्त गुरं त्यांची, म्हणून कुंपणावर रागही त्यांचाच जास्त.

"दगडात गवत लावतात. उद्या तव्यावर भात लावतील."

आमच्या गटाची अध्यक्ष जमनाबाई गवताचे मुळासकट ठोंब मातीत दाबता दाबता म्हणाली, "लावू. तुमी जेवायला या, मामा."

*

माझा दीर सालवडला राहतो. त्याच्या बिहारी शेजाऱ्याला दारात लॉन हवं होतं, म्हणून दिरानं हौसेनं ठोंब नेऊन दिले. शेजारी दर रविवारी कापायचा, पुढच्या रविवारी गवत पुन्हा गुडघ्याला! शेवटी त्याचा मलाच फोन.

"भाभी, इसको बंद कहाँ से करते हैं?"

आता त्यानं बकरी पाळली आहे.

*

मग कुणीतरी भाताच्या रोपासाठी शेतात राब भाजताना ठिणगी उडाली आणि अर्धा माळ काळा झाला. जमनाबाई राखेत बसून रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू. काही दिवसांनी ती धापा टाकत माझ्या दारात, मुठीत हिरवे कोंब.

"जळक्या बुडख्यातून आलं, बाय! पाऊस नाय, पानी नाय!"

त्या दिवशी आम्ही माळावर फेर धरून नाचलो.

*

एका कोपऱ्याचं मात्र कोडं होतं. करवंदीच्या जाळीजवळचं गवत मरत नव्हतं आणि वीतभराच्या वर वाढतही नव्हतं. कुणी म्हणे माती हलकी, कुणी म्हणे ससे. आम्ही डोक्यावरून शेणखत वाहून तिथे टाकलं. धर्मामामा बघून हसायचे.

*

ग्रामसभा माळाखालीच भरली. मामा आपली तांबडी गाय घेऊन आले.

"हे गवत गुरं तोंडात धरत नाय. गाय मोकळी सोडतो, तीच सांगेल."

समोर एकीकडे भाताचा पेंढा ठेवला, दुसरीकडे मारवेलचा हिरवा भारा. आमची सगळी मेहनत आता एका गायीच्या तोंडात!

मामांनी दावं सोडलं. गायीनं पेंढ्याकडे पाहिलं नाही, भाऱ्याकडेही नाही. ती सरळ माळ चढली, सगळी सभा तिच्या मागे. करवंदीच्या जाळीजवळ थांबली, रोजच्या सवयीनं शिंगानं कुंपणाची एक काठी अलगद बाजूला सारली, आत गेली आणि चरू लागली.

जमनाबाई पुढे झाली.

"मामा, तुमच्या गायीचं दार लावून घ्या."