अंदमानला किती माणसं?

आमचं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना एकच घाई होती, सिंहस्थ लागायच्या आत उरकून घ्या. सिंहस्थात लग्नं लावत नाहीत, आणि नाशकात तर नाहीच नाही. त्या घाईत लग्न झालं, महाबळेश्वरला जायचं पुढे ढकललं, आणि सिंहस्थ लागला. पंचवटीत घर, रामकुंड हाकेच्या अंतरावर. हातावरची मेंदी पुसट होण्याआधी मी पाहुण्यांसाठी पोळ्या लाटायला बसले. महाबळेश्वर जे राहिलं ते राहिलंच.

सिंहस्थ संपला, पाहुणे संपले नाहीत. कुणाला त्र्यंबकला नारायण नागबळी करायचा असे, कुणाला वणीच्या गडावर जायचं असे, कुणाला शिर्डीला जाताना आमचं घर अगदी वाटेवर पडे, मग ते कुठूनही येत असोत. कुणी अस्थी घेऊन येई. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून कंपाउंडमधल्या पेरूच्या झाडाला त्यासाठी एक खिळाच ठोकून ठेवला होता. रडून आलेल्या माणसांना आधी चहा द्यायचा की आंघोळीचं पाणी, हे मला चेहरे बघून कळायला लागलं होतं. पाहुण्यांचा मला कंटाळा नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. साफ खोटं. मी जाम कंटाळले होते.

दुसरा सिंहस्थही पार पडला. पुढे काही वर्षांनी मुलगी शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली. ह्यांच्या अंबडच्या कंपनीत रजाही साठली होती आणि प्रवासभत्ताही. मी म्हटलं, अंदमानला जाऊ. अंदमानच का, तर तिथे आमचा एकही नातेवाईक राहत नव्हता, आमचं कुलदैवत नव्हतं, आणि जाता जाता डोकावलो म्हणायची कुणाला सोय नव्हती. चार दिवस, आम्ही दोघंच. मला हवं होतं ते एवढंच. समुद्र नंतर.

हे म्हणाले, "बघू."

"बघू नाही. हो म्हणा."

"बरं, हो."

त्यांचा चेहरा पाहून सासूबाई म्हणाल्या, "जन्मठेप झाल्यासारखं तोंड का केलंस रे? पूर्वी लोकांना शिक्षा म्हणून पाठवायचे तिकडं. तुम्ही हौसेनं जाताय. जा, मी सिन्नरला थोरल्याकडं राहीन." माझी सासू तोंडानं फटकळ, पण अशा वेळी माझ्या बाजूनं.

कॉलेज रोडवर एका ट्रॅव्हल एजंटाचं ऑफिस होतं. टाय लावलेला तो तरुण माणूस आम्हाला बघून म्हणाला, "ग्रुप टूर ना, काका? सगळीकडे आपलं मराठी जेवण."

"नाही," मी म्हटलं. "दोघंच."

"म्हणजे मग हनिमून पॅकेज," असं म्हणून तो स्वतःच लाजला. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. एजंटानं हॅवलॉक बेटाचे फोटो दाखवले. पांढरी वाळू, निळं पाणी, आणि एका फोटोत नुसत्या दोन खुर्च्या. त्या खुर्च्यांवरून माझी नजर हटेना.

तिथून माझ्या जिवाची जी घालमेल सुरू झाली, ती काही केल्या थांबेना. माळ्यावरची बॅग काढायची, पुसायची, परत ठेवायची. शालिमारच्या बाजारात जाऊन मी एक टोपी आणली आणि कुणी हसू नये म्हणून गव्हाच्या कोठीमागे लपवली. फोन वाजला की वाटायचं, आता कोण येतंय. भाजीत दोनदा मीठ पडायचं. पाहुण्यांमुळे ठरलेलं मोडायची मला इतकी सवय झाली होती, की ठरलेलं टिकतंय हेच सोसेना.

आणि मग माणसं वाढायला लागली. आधी पुण्याची नणंद आणि तिचे मिस्टर यायचे ठरले. त्यांना म्हणे सेल्युलर जेल बघायची फार दिवसांची इच्छा. चारच दिवसांत सिन्नरचे भाऊजी आणि जाऊबाई. ते निघाले तर सासूबाईंचं काय, तर म्हणे त्यांनाही नेऊ, विमानात तरी बसतील. मारुतीच्या शेपटासारखं ते लांबत चाललं. ह्यांच्या कंपनीतल्या एका मित्रानंही बायकोला विचारून सांगतो म्हटलं. एजंट खूश. मी मात्र मनातल्या मनात एकेकाला बोटीतून खाली ढकलत होते. ह्यांना म्हटलं, सगळ्यांना कळलं कसं? हे म्हणाले, "आता नात्यात कुठं लपून राहतं का?"

एका दुपारी नणंदेचा फोन आला. वाटेत खायला चिवडा करू का दशम्या, हे विचारायला.

"वहिनी, खरं तर आम्हाला जमत नव्हतं," ती म्हणाली. "ह्यांच्या ऑफिसात किती काम आहे. पण दादानं इतका आग्रह केला. परवा परत फोन केला, तुम्ही नसाल तर मजा नाही म्हणाला. मग काय करणार?"

मी रिसीव्हर ठेवला. मग सिन्नरला फोन लावला. जाऊबाईंचंही तेच. भाऊजींनी नको म्हटलं होतं, ह्यांनीच गळ घातली.

म्हणजे ह्या वेळी कुणी आमच्या दारात येऊन उभं राहिलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं त्यांना हाताला धरून आणलं होतं.

संध्याकाळी हे कंपनीतून आले. मी चहा दिला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. बूट सोडायच्या आत विचारलं, "तुम्हीच सगळ्यांना बोलावलंत ना?"

ह्यांचा एक बूट पायात, एक हातात.

"माझी एवढी अडचण होते तुम्हाला?"

"तसं नाही गं." मग हातातला बूट खाली ठेवत म्हणाले, "चार दिवस आपण दोघंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बोलायचं काय?"

मी भांडायला तोंड उघडलं आणि काही सुचेना. खरंच, आम्ही आजवर काय बोललो होतो? गाडी किती वाजता येते. माणसं किती. गाद्या पुरतील का. दूध वाढवून सांगितलंस का. घरात माणसं होती म्हणून बोलणं होतं. मला भीती वाटली. त्या दोन खुर्च्यांवर बसून आम्ही चार दिवस पाण्याकडे बघतोय आणि कुणाकडेच शब्द नाही, असं डोळ्यांसमोर आलं, आणि ते मला पाहुण्यांहून वाईट वाटलं.

पण माझा स्वभाव मुळात हट्टी. रविवारी मी म्हटलं, "स्कूटर काढा. काय बोलायचं ते आत्ताच बघून येऊ."

गंगापूर धरणाच्या कडेला जाऊन बसलो. आधी ह्यांनी धरणात पाणी किती आहे ते सांगितलं. ते मी सकाळीच पेपरात वाचलं होतं. मग गप्प. मी गवताच्या काड्या तोडत बसले. उठावं, घरी जावं, पोळ्या टाकाव्यात असं सारखं वाटत होतं. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून हे म्हणाले, "तिकडे पाण्यात उतरायला लागेल. तुला भीती वाटेल."

"मला पोहता येतं," मी म्हटलं.

"तुला?"

"पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकले. इगतपुरीला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागे तलाव होता. मी आणि भाऊ भर पावसात पोहायचो. एकदा डबा सुटला. तर भाऊ मला सोडून डब्याच्या मागे गेला, आई डब्यासाठी मारेल म्हणून."

हे हसले. मग विचारलं, "मग तू बाहेर कशी आलीस?" मग, तलाव खोल होता का. आईला कळलं का. ह्यांना स्वतःला पोहता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आयुष्य गोदावरीच्या काठावर गेलं आणि कंबरेच्या वरच्या पाण्यात कधी उतरले नाहीत. लहानपणी कुंडात एक मुलगा बुडताना पाहिला होता, म्हणाले. हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. परत येताना स्कूटरवर मान मागे वळवून काहीतरी विचारत होते, आणि मी ओरडत होते की पुढं बघा.

एवढंच झालं. अंदमानचं काय, ते बोललेच नाहीत. मीही विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर मला ते सहन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हॉलमध्ये ह्यांनी फोन लावला. पुण्याला लावलाय, हे आवाजावरून कळलं. बहिणीशी बोलताना ते जरा जोरात बोलतात.

"अगं, अंदमानचं ते तुम्ही राहू द्या," हे म्हणाले. "रागावू नकोस. आम्ही दोघंच जाऊन येतो."

पलीकडून ती काय काय विचारत असणार. हे नुसतं हं हं करत होते.

"नाही गं, भांडण कसलं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आम्हाला जरा बोलायचंय. राहून गेलंय."

माझे हात परातीत तसेच राहिले. मला रडू आलं, आणि कणकेच्या हातानं डोळेही पुसता येईनात.