काड्याचं वजन

जनावर बोलत नाही, ही जनावरांच्या डॉक्टरची अडचण आहे असं लोकांना वाटतं. डॉक्टरीणबाईंना विचाराल तर मालक बोलतात, ही खरी अडचण. "काही म्हणजे काही खाल्लं नाही हो यानं," असं शपथेवर सांगणाऱ्या गृहस्थाच्या कुत्र्याच्या पोटातून त्यांनी त्याच गृहस्थाचा मोजा काढला होता, आणि धुऊन परतही केला होता. शेळी आपोआप लंगडते, पोपट उगाच पिसं उपटतो, मांजर कालपासूनच जेवत नाही. बाई मान डोलवत सगळं ऐकून घेत आणि हात जनावरावर ठेवत. हिरडी अंगठ्यानं दाबून रंग कधी परततो ते बघायचं, बरगड्या चाचपायच्या, काट्यावर उभं करायचं. मग मालकाकडे वळायचं. त्यांची कंपाउंडर म्हणायची, "बाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं."

आणि अशा बाईंच्या घरातच कुठंतरी पाणी मुरत होतं.

घरचा कुत्रा काड्या. दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी टाकून गेलं तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता, म्हणून बाईंच्या वडिलांनी त्याचं हे नाव ठेवलं. आता काडी कसली, ओंडका झाला होता. त्यात त्याच्या हृदयाची झडप कमजोर निघाली. जिना चढला की खोकायचा. बाईंनी गोळ्या सुरू केल्या, खाणं मापून दिलं आणि घरात बजावलं, "वजन उतरलं नाही तर हा फार दिवस काढायचा नाही. कुणी एक घास जादा घालायचा नाही."

वजन उतरायचं सोडून चढतच गेलं.

पहिला संशय अर्थातच नवऱ्यावर. "चहाबरोबरची बिस्किटं कुठं जातात?"

"इथं," नवरा पोटावर थाप मारून म्हणाला. पुरावा बिनतोड होता.

वडिलांना विचारलं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "मी कशाला घालू? मी बरा, माझं मशीन बरं."

वडील जन्मभर शिंपी. दुकान बंद केलं तरी मशीन त्यांच्या खोलीत होतंच. काड्याचा पट्टा आखूड पडला तेव्हा तुकडा जोडून तो त्यांनीच वाढवून दिला होता. एरवीही अलीकडे मधूनच खडखड सुरू व्हायची. बाई फोनवर कुणाला औषध सांगत असल्या की दारात येऊन म्हणायच्या, "बाबा, जरा थांबवता का ते?" वडील थांबवायचे.

शेवटी एका रविवारी बाईंनी दवाखान्यातली हुकमी युक्ती काढली. घरातले सगळेच नाही म्हणायला लागले की सगळ्यांना ओळीनं बसवायचं आणि जनावर मोकळं सोडायचं. नवरा आणि वडील जेवणाच्या टेबलाशी बसले. काड्यानं नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो तडक वडिलांकडे गेला आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसला.

"सुटलो बुवा," नवरा म्हणाला.

बाई भडकल्या. "बाबा, अहो जीव जाईल त्याचा! काय घालता त्याला?"

"माझ्या ताटातलंच. दुसरं काय?"

"किती?"

वडील काड्याचे कान कुरवाळत राहिले. "मला जात नाही तेवढं."

आता कुठं बाईंनी वडिलांकडे नीट पाहिलं. गाल आत गेलेले. घड्याळ मनगटावरून निम्म्या हातापर्यंत घसरलेलं. पँट मात्र कमरेला अगदी बेतलेली. त्या उठल्या, हात धुतले, वडिलांना खिडकीशी उजेडात घेतलं आणि कवळी काढायला लावली. खालच्या हिरडीवर नखाएवढी लालबुंद जखम होती.

"कधीपासून?"

"कालपासूनच."

हे उत्तर बाईंनी आयुष्यभर ऐकलं होतं. "बाबा, मला का नाही सांगितलं?"

"तू विचारतेस, बरे आहात ना? मी म्हणतो, बरा आहे. तेवढ्यावर तुझं भागतं." वडील चिडून बोलले नव्हते, म्हणून ते जास्तच लागलं. "हा बोलत नाही, म्हणून तू याचं तोंड उघडून बघतेस."

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय, आजोबा?"

"काही नाही. बरा आहे."

"खोटं बोलताहेत ते," बाई म्हणाल्या. "तुम्ही बघा."

डॉक्टरांनी हिरडीचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत बाई कुणाशी धड बोलल्या नाहीत. वाईट काही निघालं नाही. कवळी घासून जखम झाली होती. नवी कवळी बसली, वडील जेवू लागले, काड्याचा खुराक बंद झाला. पुढं वडिलांना पँट कमरेत घट्ट व्हायला लागली, तेव्हा ती सैल करायला बाई दवाखान्यातली बारीक कात्री घेऊन त्यांच्याशेजारी बसल्या.

"अगं, कापड कापशील."

"टाके काढणं माझं रोजचंच काम आहे, बाबा."

कमरेची शिवण उसवली, तर आत आणखी एक शिवण होती. तीही उसवली, तर तिच्या आत तिसरी. तिसरी उसवताना बाईंना रडू आलं. इतक्या वेळा मशीन चाललं होतं, आणि दरवेळी त्या दारात येऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "बाबा, जरा थांबवता का ते?"