फुवांचे रोहित

देवाने माणसाला डोळे दिले ते पाखरे बघायला, आणि उरल्या वेळात जेवताना घास चुकू नये म्हणून, अशी आमच्या फुवांची पक्की समजूत होती. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, राहणार तळोदा. माणसांची नावे ते सर्रास विसरत, पण पाखराचा आवाज विसरायचे नाव नाही. पोटच्या मुलाच्या लग्नात मंगलाष्टके ऐन रंगात असताना मागच्या लिंबावर कुठलेसे पाखरू बोलले. झाले! अक्षता मुठीत तशाच धरून स्वारी पसार. पाखरांनी बुजू नये म्हणून डोक्याला कायम हिरवा फेटा. पाखरे फसली की नाही देव जाणे. नंदुरबार स्टेशनावर एक बकरी मात्र साफ फसली आणि फेट्याचा शेमला चघळत उभी राहिली.

आम्ही त्या दिवशी निघालो होतो सुरतेकडे, समुद्रावर रोहित पक्षी बघायला. सातपुड्यातले एकेक पाखरू फुवांच्या ओळखीचे, पण गुलाबी पंखांचा हा उंच पाहुणा नुसता ऐकून माहीत. आणि फुवांच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूने पडदा टाकला होता, दुसराही त्याच वाटेवर. आता नाही तर कधीच नाही. "डोयासघाई दिसत नई, नि पाखरे देखाले निंघनात!" असे फुई, म्हणजे माझी आत्या, करवादली खरी, पण शिदोरी बांधताना तिनेच डोळे पुसले.

शिमगा पंधरा दिवसांवर आलेला. सुरतेजवळ डुमसच्या किनाऱ्यावर टांग्यातून उतरलो तेव्हा ऊन चढले होते, आणि समोर मैलभर नुसता चिखल.

"समुद्र कोठे शे?" फुवा माझ्यावरच डाफरले. जसा काही मीच लपवला होता!

जाळे सुकवणारी एक कोळीण हसली. पाणी ओहोटीने मागे गेले आहे, दुपारनंतर येईल, म्हणाली. फुवांना ते काही पटेना. "आमनी तापी एकदाव गयी ते परत येत नई," ते पुटपुटले. दूर चिखलाच्या काठाला एक फिकट रेघ दिसत होती. तेच रोहित, हे मला कळले. फुवांना मात्र रेघसुद्धा दिसेना. दोन तास झाले. गाडी चुकेल म्हणून मी घाई केली, तर म्हणाले, "तू जाय. मी हालत नई." आणि पाय पसरून बसले.

मग खरेच पाणी आले. भरती मागून रेटत होती आणि तिच्यापुढे एकेक लांब टांग टाकत ते शेकडो पक्षी आमच्याच दिशेने सरकत होते. पन्नास पावलांवर आले. फुवांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. "राम राम," एवढेच म्हणाले. गाडी अर्थातच चुकली, आणि मला त्याचे काडीइतके वाईट वाटले नाही.

पुढे दुसराही डोळा गेला. तळोद्याला गेलो की फुवा मला ओट्यावर शेजारी बसवून घेत आणि विचारत, "भाऊ, त्या पाखरे कितला जवय उनथात रे?" मी आधी खरे ते, पन्नास पावले, सांगत असे. मग चाळीस पावले म्हणालो, पुढच्या खेपेला वीस. शेवटच्या भेटीत सांगितले, "फुवा, अगदी तुमच्या पायाशी."

फुवांनी पसरलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले, पाखरांना जागा व्हावी म्हणून.