मत नसलेले फादरमामा

निवडणुकीचा इतका सोस असलेला आणि मताचा अधिकारच नसलेला माणूस आमच्या फादरमामांखेरीज अख्ख्या नेवासा तालुक्यात सापडणार नाही. जन्माने ते युरोपातले. तरुणपणी मिशनच्या कामासाठी घोडेगावजवळच्या आमच्या गावात आले आणि बाजरीची भाकरी खाऊन इथलेच झाले. आमची आई काही त्यांच्या चर्चची नव्हे. पण एकदा तापाने फणफणलेल्या या गोऱ्या माणसाला तिने कण्या रांधून घातल्या, तेव्हापासून ते तिचे दादा आणि आमचे मामा. मराठीही त्यांनी आईचीच उचलली, त्यामुळे पुण्याहून आलेल्या साहेबाला "लई येळ लावला तुमी" असं ऐकवलं की साहेब चष्मा काढून पुसत बसायचा. ग्रामसभा मामांनी कधी चुकवली नाही. सरपंच एकदा वैतागून म्हणाले, "फादर, तुमचं यादीत नाव न्हाई, तुमी कशापायी येता?" मामा शांतपणे म्हणाले, "ज्यांचं हाय ते येत न्हाईत, म्हनून." मतदानाच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या त्यांच्या जुनाट मोटारसायकलवरून एकेक करून केंद्रावर जायच्या. मत कुणाला दिलं हे मामांनी कधी विचारलं नाही. परत आल्यावर फक्त त्यांच्या बोटावरची शाई लहान मुलासारखी निरखायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

सत्तरी उलटल्यावर त्यांच्या धर्मसंघाने त्यांची बदली पूर्वेकडच्या एका देशात केली. पुढे तिथल्या लष्कराने निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकलं, कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली, मग आमचे मामा घरी बसतील होय? व्हिडिओ कॉलवर दिसले ते भर मोर्चात, डोक्याला उपरणं बांधून. पोरांसाठी ते पातेलंभर पिठलं करायचे; बेसन कुठून मिळवत देव जाणे. सोबत लसणाचा ठेचा. "ठेचा खाऊन पोरं अशी रडली, म्हनाली याच्यापरीस अश्रुधूर बरा," मामा सांगत होते आणि आई हसता हसता "दादा, जपून ऱ्हा" म्हणत होती.

मग फोन बंद झाला. दिवाळीच्या तोंडावर इथल्या चर्चच्या नव्या फादरांनी घरी येऊन सांगितलं, की मामांना काही पोरांसकट पकडलंय. देश सोडून जातो म्हणाले तर त्यांना आजच सोडतील. पण त्यांचं म्हणणं, आधी ही पोरं सुटू देत, मग मी. मला अभिमान वाटला आणि खरं सांगतो, रागही आला. इथे एक म्हातारी बहीण वाट बघतेय, हे त्यांना कळू नये?

भाऊबीजेला आईने ओवाळणीचं ताट केलं. भाऊ लांब असला की बाया चंद्राला ओवाळतात, तशी ती संध्याकाळी अंगणात गेली. पश्चिमेला बारीक कोर दिसत होती. ओवाळता ओवाळता आई थेट भावाशीच बोलायला लागली. "हट्टी हायेस, ठाव हाय मला. एकटा येऊ नको. पोरांनाबी घेऊन ये. घर मोठं हाय आपलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरातल्या झाडून सगळ्या गाद्या उन्हात घातल्या.