रकाना रिकामा ठेवू नको

आमच्या कॉलेजात मार्गदर्शन कक्ष नावाची एक खोली होती आणि त्या खोलीत मी. मार्गदर्शन करायच्या त्या मॅडम, मी त्यांच्या हाताखालची. माझं शिक्षण दहावी, तेही बाहेरून बसून. पण कॉम्प्युटर आला तेव्हा शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत निघून गेला आणि बाकीच्यांनी त्या यंत्रावर रुमाल टाकला तो टाकलाच. मीच रोज पाचनंतर अर्धा तास बसून एकेक बटण दाबून बघायची. कधी काही पुसलं जायचं, कधी एकच पान चारदा छापलं जायचं. वर्षभरात अशी तयार झाले की साहेब लोक मला विचारायला यायचे. त्याचा मला गर्व होता, लपवत नाही.

प्रवेशाचे फॉर्म मीच भरून घ्यायची. त्यात एक रकाना, पालकाचा मोबाईल. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. खेड्यावरच्या मुली म्हणायच्या, "मावशी, आमच्या घरी फोन नाय." मी म्हणायची, "अगं कुणाचाही दे. रकाना रिकामा ठेवू नको, मागं रांग खोळंबलीय." मग कुणी दुकानदाराचा द्यायची, कुणी डेअरीवाल्याचा. वैजापूरच्या पुढच्या एका वस्तीवरची मुलगी होती, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिनं गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा नंबर दिला. तोच एक तिला पाठ होता. मी लिहिला आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

मग ते दुष्काळाचं साल आलं. औरंगाबाद म्हणायचे तेव्हा, आता संभाजीनगर. आमच्या गारखेड्यात एकीकडं नव्या इमारती चढत होत्या आणि दुसरीकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. मुलींच्या हॉस्टेलला टँकर यायचा तो अकरा वाजता, ऐन तासाच्या वेळी. मुलींनी पाळ्या लावून घेतल्या, हौदाशेजारच्या भिंतीवर कागद चिकटवला, कुणी कोणत्या दिवशी भरायचं. पाळी असली की तास बुडायचा. हे आम्हाला ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं आम्ही.

त्याच साली वरून नवी पद्धत आली. ज्यांची हजेरी कमी त्यांची नावं कॉम्प्युटर स्वतःच लाल करणार आणि एका बटणावर सगळ्यांच्या पालकांना मेसेज. 'आपली पाल्य सतत गैरहजर आहे. त्वरित संपर्क साधावा.' हेडक्लार्क साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या हातचं काम. दाबा." मी दाबलं. चहा यायच्या आत सगळे मेसेज गेले. मला वाटलं, काय सोय झाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती मेंढरं राखणाऱ्या घरातली मुलगी दारात उभी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मावशी, चुलता आलाय. ट्रंक भर म्हनतोय."

"का गं?"

"तुमचा मेसेज गिरणीत वाचला."

ती सांगत गेली आणि मी हजेरी बघायला तिची फाईल कपाटातून काढली. वडील मेंढरं घेऊन पैठणकडं गेलेले. धरण आटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत येतं, त्या आशेनं. घरी चुलत्याचा शब्द. गिरणीवाल्यानं दळणाला आलेल्या बायांसमोर मेसेज मोठ्यानं वाचला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, पोरगी कॉलेजला जात नाही, मग जाते कुठं? टँकरच्या पाळ्यांचं आणि हौदावरच्या कागदाचंही मला तेव्हाच, तिच्याकडून कळलं.

तेवढ्यात चुलता आत आला. पटका, हातात पिशवी, पायताण बाहेर काढून. ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, तुमच्याच हापिसानं कळवलंय. आता नाय म्हनू नका. ही कुठं-कुठं जाती, किती वाजता येती, समदं लिवलेलं असंल ना तुमच्याकडं? दाखवा. मला वाचता येतं."

हेडक्लार्क साहेबांनी मान वर केली. "घरचेच आहेत. द्या फाईल बघायला, विषय संपवा."

मॅडम त्या दिवशी परीक्षेच्या कामाला दुसऱ्या गावी. फाईल माझ्यासमोर टेबलावरच होती. मी उघडली ती नेमकी मधल्या पानावर. मॅडमच्या निळ्या शाईत लिहिलेलं होतं, मुलगी महिन्यापूर्वी येऊन काय बोलली ते. चुलत्यानं स्थळ आणलंय, तिला तिसरं वर्ष पुरं करायचंय, वडलांना एकट्यात गाठून सांगायचंय. तोच चुलता समोर उभा, वाचता येणारा.

मी पानावर हात ठेवला. तळवा सगळा पसरून.

"फाईल दाखवता येणार नाही."

"का? मी कोन परका हाय का?"

"तुम्ही घरचे आहात. पण फाईल तिची आहे. ती सज्ञान आहे. ती म्हणेल तेवढंच दाखवीन."

"ह्यो नवाच कायदा," चुलता म्हणाला. साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. मी मुलीकडं बघितलं. तिची नजर माझ्या हातावर, त्या हाताखाली काय आहे ते तिला ठाऊक होतं.

मी विचारलं, "तास कुठं बुडाले ते दाखवू का? तेवढंच?"

ती मानेनं हो म्हणाली. मी फाईल बंद करून कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मग आम्ही तिघं हॉस्टेलच्या हौदाकडं गेलो. भिंतीवरचा कागद पाण्यानं फुगलेला, पण अक्षर दिसत होतं. हजेरीचं तिचं पान मी कॉम्प्युटरवरून छापून आणलं होतं. चुलत्यानं बोट ठेवून तारखा जुळवल्या, एकेक, सावकाश. एक जुळेना.

"ह्या दिशी?"

"माझ्या खोलीतलीला ताप व्हता. तिची पाळी मी केली," मुलगी म्हणाली.

त्यानं कागद पुन्हा बघितला. त्या तारखेपुढं दुसऱ्या मुलीचं नाव खोडून हिचं लिहिलेलं होतं.

"म्हंजी हितं बी पानीच वाहती," तो म्हणाला. हजेरीचं पान घडी घालून त्यानं मला परत दिलं. "मला पटलं, ताई. पन गिरणीत काय सांगू? त्या बाया माझ्या बोलन्यावर इस्वास ठेवत नसत्यात."

मी म्हटलं, मी सांगते फोन करून. मुलगी पटकन पुढं आली. "मावशी, टँकरचं सांगू नका. तापाचं बी नको. चूक तुमची व्हती, एवढंच सांगा."

ऑफिसात येऊन गिरणीवाल्याचा नंबर फिरवला. साहेब हळूच म्हणाले, "कॉलेजची चूक आहे असं बोलू नका." तिकडून पट्ट्याचा फटफट आवाज.

"दादा, जरा मोटर बंद करा. त्या मुलीचा मेसेज तुम्हाला आला, तो तुम्हाला यायलाच नको होता. चूक आमच्या ऑफिसची. नंबर लिहून घेणारी मी, मेसेज पाठवणारी मी. तो जसा मोठ्यानं वाचलात तसं हेही मोठ्यानं सांगा."

"पन पोरगी हजर हाय का नाय?"

"ते तुम्हाला सांगायचं नाही."

तिकडं मागून एका बाईचा आवाज आला, "झालं समाधान? आता दळ गप." आणि बायांचं हसू.

चुलत्यानं पिशवी उचलली. ट्रंक व्हरांड्यात काढून ठेवलेली, तिच्याकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितंच. यष्टीत जागा नसती." पायताण घालता घालता पुतणीला म्हणाला, "तुझा बाप पैठणवरनं आला की बसू." तिनं नुसतं "व्हय" म्हटलं. स्थळाचं काय होणार ते त्या दिवशी तिलाही कळलं नाही, मलाही नाही.

मला मेमो मिळाला. मॅडमनी परत आल्यावर निळ्या शाईचं पान फाईलमधून काढून स्वतःच्या कुलपात ठेवलं, माझ्याशी दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. रागावल्या त्या फाईल टेबलावर उघडली म्हणून, आणि बरोबर होतं त्यांचं.

मी मग सगळे फॉर्म काढून बसले. एकेका मुलीला बोलावून विचारलं, हा फोन कुणाचा, त्याच्यावर काय कळवलेलं चालेल? पेन्सिलीनं लिहीत गेले. गिरणीच्या नंबरापाशी ती मुलगी म्हणाली, "खोडा." खोडला तर यंत्र ऐकेना, रकाना रिकामा म्हणून तिथंच अडलं. मी विचारलं, "वडलांकडं फोन येईस्तोवर माझा लिहू?" हसून म्हणाली, "लिवा."

पुढच्या महिन्यात बटण दुसऱ्या कुणीतरी दाबलं. गारखेड्याच्या स्टॉपवर बसमधून उतरत होते मी, कामाला उशीर झालेला, पर्समध्ये फोन वाजला. आपली पाल्य सतत गैरहजर आहे. एकच मेसेज. त्या यादीत माझ्या नंबरावर ती एकटीच. चुलता परत येऊन घेऊन गेला की काय? ऑफिसात न जाता रिक्षानं तडक हॉस्टेल गाठलं.

हौदापाशी रांग. तिसऱ्या नंबरावर ती, दोन्ही हातांत बादल्या.

"अगं, तास?"

"नंबर लागलाय मावशी. पाचच मिनटं."

मी पर्स काखेत मारली आणि तिच्या हातातल्या बादल्या घेतल्या.

"जा तू. मी उभी राहते."