धरणाखालची विहीर

ट्रॅक्टरचं मागचं चाक धरणाच्या माथ्यावर रुतलं होतं आणि ते काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागला होता. मी पोचले तोवर दोन्ही ट्रॅक्टर निघून गेले होते. मागे राहिला होता खड्डा. तोंड परातीएवढं, पण काठी घातली तर अर्ध्याहून जास्त आत जात होती.

मोताळा तालुक्यातलं हे छोटं मातीचं धरण. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. मी तेव्हा त्या भागाची शाखा अभियंता होते. म्हणजे धरण, कालवा, गेट आणि शेतकऱ्यांची बोलणी, सगळं माझ्याच वाट्याला. मातीच्या धरणाच्या पोटात काळ्या चिकणमातीची भिंत असते. तिला आम्ही हार्टिंग म्हणतो. पाणी अडवते ती हीच. दोन्ही बाजूंचा मुरमाचा भराव फक्त तिला धरून ठेवतो. त्यामुळे माथ्यावर खड्डा पडला की एकच प्रश्न विचारायचा असतो, इथली माती गेली कुठे?

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणजे आमचे उपविभागीय अभियंता. त्यांनी आधी विचारलं, गळती आहे का. मी खाली उतरून पायथा बघून आले होते. धरणातून पाणी झिरपत असेल तर पायथ्याशी ओल दिसते, लव्हाळा माजतो, पाय टाकला की चिखल लागतो. इथे गवत वाळून कोळ झालं होतं आणि जमिनीला भेगा पडल्या होत्या.

"मग मुरूम टाका आणि दाबून घ्या," साहेब म्हणाले. "घुशींचं काम असेल."

"सर, मागच्या वर्षी याच जागी मुरूम टाकलाय."

"मग यंदा जास्त टाका."

टाकला. रोलर फिरवला. काही आठवड्यांत त्याच जागी पुन्हा खळगा. आता मला घुशींचीच दया यायला लागली. एवढा मुरूम खाणारी घूस धरणात सापडणार नाही, ऑफिसात सापडेल, असं मी मनात म्हटलं आणि मनातच ठेवलं.

पायथ्याला लागून सुखदेवरावांची संत्र्याची बाग होती. बागेच्या कडेला विहीर आणि विहिरीजवळ त्यांचं घर. भर उन्हाळ्यात आसपासच्या विहिरींचे तळ उघडे पडायचे तेव्हा हिच्यावर मोटार चालू असायची. सुखदेवराव पाणी धरून बसणारे नव्हते. शेजाऱ्यांच्या गुरांना द्यायचे, गावात लग्न असलं की टँकर भरून द्यायचे. माणूस दिलदार, त्यामुळे विहिरीचं सगळ्यांना कौतुक. धरणाखालची विहीर, तिला पाणी असायचंच, यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

एका सकाळी मी खड्ड्यापाशी उभी राहून खाली बागेकडे बघत होते. तिकडची सगळी जमीन मुरमाड, तांबूस. पण विहिरीजवळच्या ओळींत माती काळीभोर दिसत होती. खाली उतरले, मूठभर उचलली, पाणी लावून मळली. तिची बारीक वळी झाली आणि वाकवली तरी तुटली नाही. एवढी चिकण माती त्या शिवारात कुठेच नव्हती. होती ती फक्त धरणाच्या पोटात.

सुखदेवराव मोटारीच्या पेटीपाशी होते. ही माती कुठून आणली, मी विचारलं.

"आनतो कायले? इहिरीतली हाये," ते म्हणाले. "दरसाल गाळ निघते तिच्यातून. वावरात पसरवतो. झाडं पाहा ना कशी झाली."

झाडं खरंच छान होती. पण विहीर दगडाने बांधलेली होती आणि तिचा काठ उंच होता. वरून गाळ वाहून यायला जागा नव्हती. मग तो येतो कुठून?

"आडव्या बोअरातून," ते म्हणाले.

हे जरा समजावून सांगायला हवं. विहिरीला पाणी कमी पडलं की आपल्याकडे मशीन विहिरीत उतरवतात आणि तळाशी, भिंतीतून, आडवी लांब भोकं पाडतात. त्यांना आडवे बोअर म्हणतात. एखादा झरा लागला की विहीर भरते. जिल्ह्यात सगळीकडे चालतं, आणि बहुतेक ठिकाणी त्यात काही वावगं नाही. सुखदेवरावांनीही मारले होते. बागेकडचे कोरडे गेले होते. लागला होता तो धरणाकडचा.

आता सगळं जुळलं. बोअर धरणाच्या खाली शिरला होता. मोटार चालली की विहिरीतलं पाणी खाली जायचं, आणि धरणातलं पाणी तो उतार बघून बोअरात जोराने घुसायचं. येताना हार्टिंगची माती थोडी थोडी घेऊन यायचं. पायथ्याशी ओल कशी दिसणार? सगळी गळती मोटारीने उचलून संत्र्याला जात होती. आत पोकळी वाढत होती, आणि ती वरपर्यंत पोचली म्हणून माथा खचत होता. असं धरण फुटायचं ठरलं की आधी कळवत नाही. आणि खाली सगळ्यात पहिलं घर सुखदेवरावांचंच होतं.

साहेब दुसऱ्या दिवशी हजर. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पोलिसात द्या," ते म्हणाले. "म्हणजे विषय आपला राहत नाही."

"सर, ते वकील करतील. स्टे आणतील. स्टे उठेपर्यंत मोटार चालूच राहील. धरण कोर्टाच्या तारखेसाठी थांबणार नाही."

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, तुम्हीच समजवा, पण मला विचारल्याशिवाय काही करू नका. हे आमच्या खात्यातलं होकाराचं उत्तर आहे.

सुखदेवरावांना समजावणं सोपं नव्हतं. विहीर बुजवावी लागेल म्हटल्यावर ते ऐकूनच घेईनात.

"इहीर गेली तं बाग गेली," ते म्हणाले. "आन् धरनाले झालं काय? उभं तं हाये."

त्यांचं चुकत नव्हतं. बाग त्यांनी पोरांसारखी वाढवली होती आणि आता कुठे ती फळाला आली होती. माझ्याकडे होता एक खड्डा आणि एक अंदाज. म्हणून मी बाजारातून रंगपंचमीचा गुलाबी रंग आणवला. माथ्यावरच्या खड्ड्यात रंगाचं पाणी ओतायचं आणि ते कुठे निघतं ते बघायचं. हे जोखमीचं असतं, आधीच पोखरलेल्या जागी फार पाणी ओतून चालत नाही. म्हणून थोडंच ओतलं. साहेब स्वतः वर उभे राहिले. मी आणि सुखदेवराव विहिरीच्या काठावर. मोटार चालू केली. पातळी उतरली तसं बोअरचं तोंड उघडं पडलं आणि त्यातून पाण्याची धार दिसायला लागली. गढूळ, पण रंग नाही.

बराच वेळ काही झालं नाही. सुखदेवराव माझ्याकडे बघून बारीक हसले. मला वाटलं, फसला आपला अंदाज.

मग धार गुलाबी झाली. आधी फिकी, मग चांगली गडद.

सुखदेवराव हसायचे थांबले. त्यांनी विहिरीत बघितलं, मग वर माथ्यावर, मग वळून आपल्या घराकडे. अंगणात त्यांची सून धान्य वाळत घालत होती.

"म्हंजे मॅडम," ते म्हणाले, "मी धरनच वावरात पसरून राह्यलो होतो."

ते पेटीकडे गेले, मोटार बंद केली, फ्यूज काढले आणि माझ्या हातात आणून दिले. मी ते पिशवीत टाकले आणि खाली मान घालून कामाला लागले.

त्यांनी एकच विचारलं, नुसत्या बोअरात सिमिट भरलं तर नाही का चालणार? नाही चालणार. आत पोकळी कुठवर गेली आहे ते कुणाला दिसत नव्हतं. एक तोंड बंद केलं की पाणी दुसरं शोधतं. म्हणून पाणी अडवायचं नाही, माती अडवायची. आधी वाळू, वर बारीक खडी, मग जाड खडी, वर दगड, अशी आम्ही विहीर भरत आणली. त्यातून पाणी झिरपू शकतं, माती नाही. त्याआधी कालव्यात पाणी सोडून धरणाची पातळी उतरवली. शेतकरी खूश, पाण्याची पाळी लवकर आली म्हणून. मग माथा खणून पोकळी उघडी केली आणि काळी माती थराथराने दाबून भरली. पोकळी बघून साहेब म्हणाले, "चहा सांगा."

पुढच्या पावसात धरण काठोकाठ भरलं, सांडव्यावरून पाणी गेलं. माथा हलला नाही.

बाग मात्र त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातच वाळली होती. सुखदेवरावांनी वरच्या अंगाला, धरणापासून लांब, नवी विहीर खोदून पाहिली. कोरडी गेली. आता ते कालव्याच्या पाळीवर हरभरा घेतात, इतरांसारखा. ज्यांच्या लग्नांना त्यांनी पाणी दिलं त्यांच्यापैकी काही जण म्हणतात, मॅडमने चांगली विहीर घालवली. धरण फुटलं असतं तर दिसलं असतं, न फुटलेलं कुणाला दिसत नाही. मला माझ्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही. वाईट मात्र वाटलं, आणि अजून वाटतं.

शिकले ते एवढंच. जी गळती कुणाच्या कामाला येते तिची तक्रार कधीच येत नाही. म्हणून आता कुठल्याही धरणावर गेले की पायथा नंतर बघते, आधी गावात विचारते, इथली सगळ्यात चांगली विहीर कोणाची. लोकांना वाटतं, मॅडमला तहान लागली. हौसेने घेऊन जातात, थंडगार पाणी काढून देतात. मी पिते, पाणी गोड आहे म्हणते, आणि मग विचारते, आडवे बोअर कोणत्या बाजूला मारलेत?